हळदीचं बोट

लेकीच्या वर्षश्राद्धाचे पाहुणे जेवून अंबडच्या बसच्या वाटेला लागले, तशी दुर्गाबाई हात पुसत पुढच्या खोलीत आली आणि म्हणाली, "बेबीच्या लग्नाची कॅसेट लावा. एक डाव पोरीला बघू द्या मला."

सर्जेरावानं पेपर खाली घेतला नाही. "तुला सांगितलं ना, ती खराब झाली. बुरशी धरली तिला."

"खराब तर खराब. पण हाय कुठं?"

"असंल कुठंतरी."

सर्जेराव अंकुशनगरच्या कारखान्यावर टाइमकीपर. स्वभावानं गोगलगाय, पण इटलीतल्या कुठल्याशा डायरेक्टरच्या खुनाच्या पिक्चरांचं त्याला वेड लागलेलं. पहिली कॅसेट जालन्याच्या एका व्हिडिओवाल्याकडं चुकून हाती आली होती. मग औरंगाबाद झालं, हैदराबाद झालं, एक तर मुंबईच्या ट्रकवाल्याकरवी मागवली. भाषा कळत नव्हती, डायरेक्टरचं नाव जिभेवर बसत नव्हतं; तो आपला त्याला 'इटलीवाला' म्हणायचा, जसा काही मंठा गावचा सोयरा. कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची खुंटी तोडली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. सर्जेराव प्रत्येक कॅसेटची खुंटी स्वतःच्या हातानं तोडायचा. कपाटात इटली एक ते इटली नऊ अशी ओळ लागली होती, आणि ती बघायला आलेल्याला चहा मिळायचा.

दुर्गाबाईनं त्या कपाटाला कधी हात लावला नव्हता. आज तिनं दार उघडलं. अक्षरओळख नव्हती, म्हणून एकेक कॅसेट काढून ती उलटसुलट करून बघायला लागली. नवव्या कॅसेटला थांबली.

"ही."

"अगं, ती इटलीची हाय. नऊ नंबर."

"शूटिंगवाला घेऊन आल्ता तव्हा मी हिला हळदकुंकू लावल्तं. तुम्ही हसले होते मला."

वरचा कागद सर्जेरावानं सोलून काढला होता. तुटक्या खुंटीच्या भोकावर चिकटपट्टी लावली होती; तशी लावली की कॅसेटवर पुन्हा भरता येतं. पण कोपऱ्यातल्या खाचेत पिवळंतांबडं बोट तसंच होतं. तेवढं पुसायचं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. "पोळा होता त्या दिवशी," तो म्हणाला. "कोरी कॅसेट द्यायला एक दुकान उघडं न्हाई. जालनेवाल्याला संध्याकाळच्या आत पिक्चर परत पायजे होता, म्हणून हिच्यावर भरून घेतला. म्हणलं, पोरगी चांगली जित्ती हाय, दिवाळीला येईल. कॅसेट कोण बघतं? अन् तिच्या सासरी दुसरी होतीच की."

खोटं नव्हतं ते. त्या पोळ्याला बेबी जिवंत होती. संक्रांतीला माहेरी आली तेव्हा मात्र परत जायचं नाही म्हणून अडून बसली. सर्जेरावानंच नेऊन सोडली. महिन्याभरात सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, म्हणाले. नंतर दुसरी कॅसेट मागायला गेलेल्या सर्जेरावाला त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुर्गाबाई रडली नाही. कॅसेट त्याच्यापुढं धरून म्हणाली, "लावा."

त्यानं लावली. थोडं बघेल आणि उठेल, असं त्याला वाटलं. ती उठली नाही. पडद्यावर एक गोरी बाई जिना चढत होती. दाराआडून काळे हातमोजे घातलेले दोन हात आले आणि बाईच्या गळ्याकडं गेले.

"हे हात कोणाचे?" दुर्गाबाईनं विचारलं.

"खुन्याचे." नऊ पिक्चर लोकांना समजावून सांगायची सवय, तोंडातून निघून गेलं. "इटलीवाला आधी तोंड दाखवत न्हाई. नुसते हात. तोंड शेवटाला."

दुर्गाबाई पावणेदोन तास बसून राहिली. एकेक बाई मरत गेली आणि ती प्रत्येकीच्या तोंडाकडं निरखून बघत राहिली. पिक्चर संपला तसा सर्जेराव बंद करायला उठला. दर वेळी तो इथंच बंद करायचा.

"राहू द्या."

स्क्रीनवर मुंग्या आल्या. बराच वेळ नुसत्या मुंग्या. मग एकदम गाणं सुरू झालं, पाठवणीचं. कॅसेट दोन तासांची होती. पिक्चर कमी पडला होता आणि लग्नाचं शेपूट मागं उरलं होतं.

दुर्गाबाई गुडघ्यांवर सरकत टीव्हीपाशी गेली. पण गर्दीनं शूटिंगवाल्याला रेटलं होतं, कॅमेरा खाली झुकला होता, आणि कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. मांडवाचा खांब दिसत होता. त्या खांबाला गच्च धरलेला हिरव्या चुड्याचा हात दिसत होता. पोरगी काय म्हणत होती ते गाण्यानं ऐकू येऊ दिलं नाही.

मग बाजूनं दोन हात आले, पुरुषाचे. ते हिरव्या चुड्याच्या हाताचं एकेक बोट खांबावरून सोडवायला लागले. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. मनगटावर घड्याळ होतं, आणि त्याची तबकडी आतल्या बाजूला वळवलेली होती. घड्याळ असं उलटं बांधणारा कारखान्यावर एकच माणूस होता.

सर्जेरावानं आपला घड्याळाचा हात मांडीखाली घेतला.

शेवटचं बोट सुटलं. कॅसेट संपली आणि आपली आपण उलटी फिरायला लागली. दुर्गाबाईनं मान वळवली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं.

"तोंड शेवटाला दाखवतो म्हणले होते ना तुम्ही," ती म्हणाली.