राखेनं तीनदा घासलेलं पिंप

पायांवर घेतलेल्या बाळाला तेल चोळता चोळता हौसाक्कांची बोटं थबकली. गोट्यांची पिशवी रिकामी होती, दोन्ही बाजूंनी. द्राक्षबागांच्या त्या गावात पस्तीस वर्षं त्या बाळं न्हाऊ घालत होत्या. बोटांना न बघता कळायचं. दिवाळीपासून असा हा तिसरा मुलगा.

“गोट्या वरच राहिल्यात. उतरतील, पण डॉक्टरला दाखवा,” त्या बाळाच्या आजीला म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या निळ्या पिंपातून पाणी घेतलं. पिंप त्यांनीच दिलेलं. त्यांचा मुलगा बागेतून फवारणीच्या औषधाची रिकामी पिंपं आणायचा. त्या ती राखेनं तीनदा घासायच्या आणि गावात कुणाला दिवस गेले, की पाणी भरायला एक नेऊन द्यायच्या.

घरी आल्या, तर बोकडं खच्ची करणारा रंगामामा चिमटा मांडीवर ठेवून बसला होता. समोर चार करडं, त्याच्याकडे टक लावून बघत.

“यांना काय खच्ची करायचं, आक्का?” तो हळूच म्हणाला. “कुणीतरी आधीच करून गेलंय. आईच्या पोटात असतानाच.”

करडं वळली आणि पाणी प्यायला गेली. निळं पिंप आडवं कापून केलेल्या त्या टाकीत शेळ्या वर्षभर तोंड घालत होत्या.

हौसाक्कांनी वाकून टाकीच्या कडेवरून बोट फिरवलं. तेवढ्यात आत पिंपावर तांब्या वाजला. पाचवा महिना लागलेली सून पाणी पीत होती. हल्ली तिला तहान फार लागायची. पिंपातलं पाणी गोड लागतं, म्हणायची.