तिसरा उठला की

साखराबाईने तांब्या पुन्हा पाझरात बुडवला. सकाळी त्यात तळाचं पितळ दिसत होतं. आता पाण्याजागी चहा दिसला, तोही दुधाचा.

सहा वर्षांनी गावचा तलाव काठोकाठ भरला होता आणि आज त्याचं जलपूजन होतं. तलावाच्या मातीच्या भिंतीवर दोनशे माणसं, भिंतीखाली मांडव, मांडवामागे चुली. साखराबाई पंगतीची भांडी घासायला आली होती. भिंतीच्या पायथ्याला पाझर सुटलेला, म्हणून पाणी शेंदायची गरज नव्हती.

"भिंतीला घाम आला तर येऊ द्यावा," ती आचारी धोंडीरामला म्हणाली. "पर ही आता माती ओकायली. पोटात भोक पडलंय हिच्या."

धोंडीरामने झारा थांबवून वर पाहिलं. भिंतीच्या मधोमध गावचे पुढारी विठ्ठलराव नारळ घेऊन उभे होते. शेजारी त्यांचा मुलगा, सरपंच विजयसिंह. मागे कलश घेतलेल्या मुलींची रांग, आणि रांगेत तिसरी साखराबाईची नात शिवकन्या. नारळ तासभर हातातच होता, कारण फोटोसाठी आणलेल्या ड्रोनची बॅटरी चार्ज व्हायची होती.

साखराबाई अर्धी भिंत चढली. "सरपंच, भिंत फुटायली! लेकरं खाली घ्या!"

"आजी, शुभकामात असलं बोलू नये," विजयसिंह म्हणाला.

"आजीनं बी ग्रुप बघितला वाटतं!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि भिंतभर हशा पिकला.

गावच्या ग्रुपवर सकाळी कोणीतरी कुठल्याशा परराज्यातल्या फुटक्या धरणाचा व्हिडिओ टाकला होता. दहा वाजता अ‍ॅडमिन त्रिंबकने जाहीर केलं, अफवा पसरवणाऱ्यास ग्रुपमधून काढण्यात येईल. त्याखाली ऐंशी जणांनी अंगठा दाखवला. त्यामुळे तलाव फुटण्याचा प्रश्न दहालाच मिटला होता.

"शिवे, खाली ये."

"फोटो झाल्यावर, आजी," नात म्हणाली. कलश हलू नये म्हणून तिने मानही हलवली नाही.

साखराबाई खाली आली. चौसाळ्याच्या आठवडी बाजारात तिने तीस वर्षं कोथिंबीर विकली होती. भाव पडायचा त्या दिवशी बाकीच्या बाया जुड्यांवर पाणी मारत बसलेल्या असत आणि साखराबाई रिकामी पाटी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलेली असे. कसं कळलं, म्हणून कोणी विचारलं नव्हतं. बाईला नशीब असतं, असं व्यापारी म्हणत.

"एक उठला तर लघवीला उठला म्हणतेत," ती धोंडीरामला म्हणाली. "दुसरा उठला तर त्याच्या सोबतीला. तिसरा उठला की बाजार उठतो. तू पहिला. बुंदीचं पातेलं उचल."

"म्या? कावून?"

"उचल रं!"

धोंडीरामने पातेलं डोक्यावर घेतलं. मागे साखराबाई, हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा. शाळेच्या उंच माळाकडे जाणारी वाट भिंतीच्या टोकाला लागूनच होती, त्यामुळे दोघं सगळ्यांना दिसले. तिने मात्र कोणाकडे पाहिलं नाही. बोलावलं की माणूस विचार करायला लागतो.

भिंतीच्या टोकाशी त्रिंबक उभा होता. "ओ मावशी, पंगत कुठं निघाली?"

"माळावर."

"अन् कावून?"

साखराबाईने आवाज उतरवला. "कुणाला सांगू नको, बाबा. बुंदी एवढीच हाय."

त्रिंबक क्षणभर गंभीर झाला. मग त्याचा अंगठा चालला. 'पंगत शाळेच्या माळावर. बुंदी कमी.' एवढं टाकून तो अ‍ॅडमिनला शोभेल अशा चालीने, म्हणजे न पळता पण लई झपाझप, माळाकडे निघाला.

भिंतभर फोन टुणटुणले. माणसांनी फोन पाहिला, मग शेजाऱ्याकडे पाहिलं, मग चपला शोधल्या. मांडवातले तर चपलाही न शोधता निघाले. आयांनी लेकींना कलशासकट दंडाला धरून ओढलं. शिवकन्येच्या कलशातलं पाणी उतारावर सांडलं आणि ती रडायला लागली, तरी तिची आई थांबली नाही.

भिंतीवर विठ्ठलराव, विजयसिंह, भटजी आणि फोटोग्राफर उरले.

"लोक कुठं गेले बे?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"साहेब, फोटोत नुसतं आभाळ यायलंय," फोटोग्राफर म्हणाला.

चाळीस वर्षांच्या राजकारणात विठ्ठलराव नुसत्या आभाळासमोर कधी उभे राहिले नव्हते. बाकीच्या तिघांना पुढे घालून तेही निघाले.

माळावर लोक रांगा धरून बसले होते. कडेच्या रांगेतून बुंदीची चौकशी सुरू झाली होती. साखराबाई वाढत नव्हती, बोट फिरवून माणसं मोजत होती. विठ्ठलरावांचा पाय माळाला लागला तेव्हा मोजणी संपली.

मग आवाज आला. फार मोठा नाही, टिपरने खडी ओतावी एवढाच. मुली उभ्या होत्या तिथेच भिंत खाली बसली. मांडव गेला, खुर्च्या गेल्या, चुली गेल्या, ओळीने लावलेल्या मोटारसायकली गेल्या. पूर्ण चार्ज झालेला ड्रोन खोक्यासकट गेला.

शिवकन्येचं रडणं थांबलं. त्रिंबकने फोन काढला.

"मावशी, ग्रुपवर काय टाकू?"

"ग्रुपवर ऱ्हाऊ दे. आधी पत्रावळ्या टाक."

त्रिंबक पत्रावळ्या टाकायला लागला.

विठ्ठलराव नारळ घेऊन उभेच होते. तलाव होता तिकडे त्यांनी पाहिलं. मग ते रांगांमधून चालत आले आणि नारळ दोन्ही हातांनी साखराबाईपुढे धरला.

तिने तो घेतला, बाजारात घेतात तसा कानाजवळ नेऊन हलवला आणि ऐकलं.

"ह्यात पाणी हाय अजून," ती म्हणाली.