तीन होकार

"लाल झाला बघ," नौदलाचा मिशीवाला म्हणाला.

पडद्यावरचा ठिपका सरळ बंदराकडे येत होता. भूदलाच्या टेबलावरची ताई खुर्चीतून उठली. बंदराच्या तोंडाशी तिचा दादा सकाळपासून होडीत जाळं टाकून बसला होता.

पूर्वी भूदल, नौदल आणि हवाई दल आपापल्या खोलीत बसून एकमेकांना शिव्या घालायचे. आता तिघांना एकाच पडद्याला जुंपलं होतं. एकाने ठिपक्यावर केलेली खूण तिघांना दिसायची. शत्रू ठरून ठिपका लाल झाला की खूण कोणी केली ती जुनी नोंद झाकली जायची, नवा नंबर पडायचा. तिघांचा होकार आला की क्षेपणास्त्र आपोआप सुटायचं. साहेब याला एकजूट म्हणायचे. तीन डोकी एकाच भिंतीवर आपटायची सोय, दुसरं काय!

"वायरलेसवर बोलतोय का?" ताईने विचारलं.

"मुका आहे मेला. आमचा होकार गेला."

"आमचाही," हवाई दलाची चष्मिष म्हणाली. "भूदलाचंच घोडं अडलंय."

भूदलाचं बटण ताईच्या टेबलावर होतं. "अरे, पण कोणी डोळ्यांनी पाहिलंय का त्याला?"

"तीन मिनिटांत बंदरात शिरेल," मिशीवाला खेकसला. "मग बघ डोळे भरून!"

ताईला दादा दिसला. पाठमोरा, जाळं ओढणारा. मागून काय येतंय ते त्याला कळणारही नाही.

तिने बटण दाबलं.

चाळीस सेकंदांनी ठिपका विझला. मिशीवाल्याने टाळीसाठी हात पुढे केला. तिने दिली.

"वाचला गं बाई माझा दादा," ती पुटपुटली आणि मटकन खुर्चीत बसली.

साहेबांनी अहवाल लिहायला घेतला. "पहिल्यांदा कोणी हेरला?"

"हवाई दलाने संशयित म्हणून पाठवला," मिशीवाला म्हणाला. "आम्ही शत्रू ठरवला."

"आम्ही कुठे हेरला?" चष्मिष म्हणाली. "भूदलाची खूण आली. उगाच कोण खूण करेल? म्हणून संशयित लिहून पुढे ढकलला."

साहेबांनी झाकलेली नोंद उघडली. "सव्वानऊ. टेबल चार. अहो ताई, तुम्हीच की! शाबास!"

ताईने सकाळपासून एकच खूण केली होती. दादाच्या होडीवर. तो जेवायला घरी कधी वळतो, ते दिसावं म्हणून.