ओठांवर बसणारे वाक्य

पडद्यावर सोलांज ब्रेवानने पुन्हा एकदा त्या मुलीचे केस मुठीत धरले आणि तिचे डोके दगडी हौदाच्या कडेवर आपटले. मग उलट्या हाताची थप्पड, दुसरी थप्पड, पोटात लाथ. मुलगी कोसळली, कोपरांवर भार देत पुन्हा उठली. सोलांजने तिला केस धरून मागे ओढले, मागून तिच्या कानाशी तोंड नेले, ओठ हलवले आणि पुन्हा मारले. कशालाच आवाज नव्हता. तुकडा संपला आणि लगेच पहिल्यापासून सुरू झाला.

"बंद कर रे बाबा!" ओदील यंत्रघराकडे पाहून ओरडली. "सकाळपासून बघतेय, आता माझेच दात हलायला लागलेत."

चित्रण रोममध्ये झाले होते आणि तिथल्या पद्धतीप्रमाणे मुके झाले होते. प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलून मोकळा झाला होता; आवाज आता पॅरिसमध्ये भरायचे होते. पडद्यावरच्या ओठांवर बसतील अशी फ्रेंच वाक्ये लिहून देणे हे ओदीलचे काम होते. या तुकड्यापाशी मात्र तिचे घोडे अडले होते.

"संहितेत फक्त 'चोरी कबूल कर' एवढंच आहे, मॅडम. आणि तुमचे ओठ केवढे हलताहेत! तेवढ्यात माझी आजी अख्खी प्रार्थना म्हणायची. काय बोलला होतात?"

"आठवत नाही," सोलांज म्हणाली. त्या अंधाऱ्या खोलीतही तिने काळा चष्मा काढला नव्हता. बर्लिन, मेक्सिको, टोकियो, सगळीकडे तिने कामे केली होती, बक्षिसे मिळवली होती. परदेशी समीक्षक तिला पडद्यावरची सर्वांत निर्दय स्त्री म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत.

"शिवी असणार, दुसरं काय?" मागच्या खुर्चीतून रेजिस हसला. तो या चित्रपटाचा दिग्दर्शक आणि सोलांजचा नवरा. तिच्या प्रत्येक परदेशवारीत तो बरोबर असे. "मी 'थांब, थांब' म्हणून घसा कोरडा करत होतो. पण ही एकदा भूमिकेत शिरली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. हो ना गं, राणी?"

"हो," सोलांज म्हणाली.

रेजिसच्या शेजारी त्याचा कोट पांघरून नेव्हिया बसली होती. पडद्यावर मार खाणारी मुलगी तीच. त्या दिवसापासून तिचा डावा कान गेला होता. आज ती स्वतःच्या किंकाळ्या भरायला रोमहून आली होती. रेजिस मुद्दाम तिच्या उजव्या बाजूला बसला होता. त्यानेच तिच्यासाठी गरम कॉफी मागवली होती.

नेव्हियाने दावा लावला होता आणि तिचा वकील तयार चित्रपट पाहणार होता. सोलांजने आपल्या मर्जीने मारले असे ठरले, तर तिचा अमेरिकेतला करार रद्द होणार होता. त्या करारात तिला एकटीलाच बोलावले होते. खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते.

"नाही जमलं अमेरिकेचं, तर घरी राहशील," रेजिस मायेने म्हणाला. "मी आहे ना सांभाळायला. ओदील, तू बिनधास्त शिवी बसव."

ओदीलने पेन्सिल चावली, काहीतरी खोडले, मग मोठ्याने वाचले. "'मर, भवाने! तुझ्यासारख्या किती जणी गाडल्यात मी!' लांबी जमतेय. मधे दोनदा ओठ मिटतात, ते मात्र फ्रेंचमध्ये काही केल्या बसत नाही." ती सोलांजकडे वळली. "पण मॅडम, हे तुमच्या तोंडून गेलं, तर त्या वकिलाला आयतं कोलीत मिळेल. विचार करा."

"लिही तेच," सोलांज म्हणाली. "मी म्हणते."

नेव्हियाचे डोळे भरून आले. "निदान आठवत नाही म्हणू नका हो. मला रोज आठवतं," ती मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाली. "मारताना तुमचा हात थरथरतसुद्धा नव्हता."

सोलांजने मान खाली घातली.

"आधी किंकाळी घेऊन टाकू," ओदील घाईने म्हणाली. नेव्हिया माइकसमोर उभी राहिली. इतका वेळ तिने पडद्याकडे पाहायचे टाळले होते; हे दृश्य ती पहिल्यांदाच समोरून पाहत होती. चित्रणाच्या वेळी सोलांजचे तोंड तिच्या मागे, डाव्या कानाशी होते; आणि त्या कानात पहिल्याच फटक्याला शिट्टी वाजू लागली होती.

तुकडा सुरू झाला. डोके आपटले, थप्पड बसली, लाथ बसली. नेव्हिया ओरडली नाही.

"अगं, खूण केली मी. दिसली नाही का?" ओदीलने विचारले.

"पुन्हा लावा," नेव्हिया म्हणाली.

तुकडा पुन्हा फिरला. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"मुली, त्रास होत असेल तर राहू दे," रेजिस म्हणाला.

"कान गेल्यापासून मी लोकांची तोंडं बघूनच ऐकते," नेव्हिया पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुम्हाला वाक्य सापडणार कसं? त्या फ्रेंच बोलतच नाहीयेत. इटालियन बोलताहेत. माझ्याशी."

सोलांज ताडकन उठली. "नेव्हिया, नको. तुझ्या पाया पडते."

"दिवे लावा!" रेजिसचा आवाज एकदम चढला. "बास झालं हे. बंद करा!"

यंत्र थांबले नाही. पडद्यावर सोलांजने मुलीला केस धरून मागे ओढले, तिच्या कानाशी तोंड नेले, आणि माइकमधून नेव्हियाचा आवाज पडद्यावरच्या ओठांवर नेमका बसत गेला, "पडून राहा, पोरी, उठू नकोस. मी आपणहून थांबले, तर तो आज घरी माझा जीव घेईल."