बसा, चहा सांगितलाय

राहुरीत मच्छिंद्रचं साड्यांचं दुकान, आणि बरोबर समोर धवलचं. वेबसाइट दोघांनीही काढलेली. पण मच्छिंद्रच्या वेबसाइटवर आलेलं माणूस घडीभर टिकेना आणि धवलच्या वेबसाइटवरचं हलायचं नाव घेईना. मच्छिंद्रला घास गोड लागत नव्हता.

शेवटी त्याने चोरून धवलची वेबसाइट उघडली. साड्यांच्या वर एकच ओळ होती: 'बसा, चहा सांगितलाय.'

दुकानदारांची जुनीच युक्ती ही. चहा येईपर्यंत गिऱ्हाईक उठत नाही. मच्छिंद्रने ती ओळ जशीच्या तशी उचलून आपल्या वेबसाइटवर टाकली.

दुपारपर्यंत धवलची वेबसाइट ओस पडली. मच्छिंद्रकडे माणसं येत राहिली आणि एकही जाईना. गडी मिशीत हसला.

"अवो, गादीवर कोन बसलं हुतं?" बायकोने, चांगुणाने विचारलं.

दुकानात तर सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं. तरी पांढऱ्या गादीवर एकाला एक लागून खळगे पडले होते. त्याने हात फिरवला. गादी ऊबदार होती.

तो तडक धवलकडे गेला. धवल आपल्या गुबगुबीत गादीवर ऐसपैस आडवा झाला होता.

"लई दिसांनी पाठ टेकली, मच्छिंद्रशेठ," तो डोळे मिटूनच म्हणाला.

मच्छिंद्रला त्या झोपेचाही हेवा वाटला.

तो परत येऊन टेकतो न टेकतो, तोच चांगुणा त्याच्यासाठी चहाचा एकच कप घेऊन आली. आणि गादीवरचे खळगे, काहीही आवाज न होता, बसलेलं माणूस उठल्यावर येतात तसे एकापाठोपाठ एक भरून वर येऊ लागले.