तीन वर्षं मागे

दुपारचे चार वाजत आले तरी प्रोग्राम चालेना. त्यात वापरलेल्या तयार कोडच्या नव्या लायब्ररीचं तिच्या जुन्या कोडशी काही केल्या पटेना. शेवटी वैतागून तिने लायब्ररीची तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती मागवली.

"यावर अवलंबून असलेलं सगळं मागे न्यायचं?" संगणकाने विचारलं. खालची यादी नेहमीप्रमाणे न वाचताच तिने 'हो' दाबलं. प्रोग्राम सुरळीत चालला.

खुशीत तिने नवऱ्याला फोन लावला. "चिमीला पाळणाघरातून तू आण हं."

"कोण चिमी? ही कुठली नवी भानगड?"

"चेष्टा पुरे. आपली दोन वर्षांची लेक!"

"अगं, बरी आहेस ना तू?" तो खरंच घाबरला होता.

फोन तसाच टाकून तिने नवी आवृत्ती परत मागवली. "अशी आवृत्ती सापडली नाही."

टेबलावरच्या फोटोत ते दोघंच हसत होते. तिचा डावा हात मात्र कुणाला तरी कडेवर घेतल्यासारखा वाकलेला होता.