प्रार्थनेत न आलेले नाव

हरसूलहून मिशनच्या वसतिगृहात शिकायला आलेल्या बारा वर्षांच्या प्रिसिलाने, पाळकसाहेबांनी आपल्याशी काय केले, ते चर्चच्या पंचांच्या बैठकीत सांगितले आणि ती माझ्या शेजारी अंग चोरून बसली.

"पोलिसांत गेलो तर मंडळीची नाशिकभर छी-थू होईल," सचिव आढाव मला म्हणाले. "त्यांची कळवणला बदली करू. पोर लहान आहे, विसरेल. बाई, आपण पंचांत वडीलधाऱ्या. आपण हो म्हणालात की विषय मिटला. आधी प्रार्थना करू."

सर्वांनी डोळे मिटले. आढावांनी पाळकांसाठी क्षमा मागितली, पाळकीणबाईंसाठी धीर मागितला, मंडळीच्या नावासाठी संरक्षण मागितले. प्रिसिलाचे नाव येईल म्हणून मी वाट पाहिली. ते आले नाही. मी डोळे उघडले, तिचा हात धरला आणि तिला घेऊन बाहेर पडले.

"सरकारवाडा पोलीस ठाणे," मी रिक्षावाल्याला सांगितले.

प्रिसिला घाबरून मागे पाहत होती. "आजी, प्रार्थना अर्धीच सोडली आपण. आमेनसुद्धा म्हटलं नाही."

"मागच्या मुलीच्या वेळी म्हटलं होतं, बाळ," मी म्हणाले. "सर्वांत आधी मीच."